नवव्या स्टेजचा म्हातारा

कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. उभं आयुष्य मी गिऱ्हाइकांना हे एकच वाक्य सांगत आले आणि एकानंही ऐकलं नाही. गेम चालेना झाला की बँकेतला साहेब असो की रिक्षावाला, कॅसेट उपसणार, ओठांशी धरणार, फूऽऽ करणार आणि परत खोचणार. त्यावर गेम चालायचाही! तो चालायचा कॅसेट पुन्हा नीट बसल्यामुळं, पण श्रेय सगळं फुंकरीला. तोंडातली वाफ मात्र आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर बसायची, पट्ट्या काळ्या-हिरव्या पडायच्या आणि चार महिन्यांनी तेच गिऱ्हाईक तीच कॅसेट घेऊन माझ्या काउंटरवर. मग मी ड्रॉवरमधून खोडरबर काढायचे. हो, शाळेतलाच खोडरबर. पट्ट्या हलक्या हातानं घासल्या, स्पिरिटनं पुसल्या की झालं काम. लोक बघत राहायचे. त्यांना वाटायचं बाई काहीतरी जबरदस्त मशीन काढणार.

मी शोभा. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तुकडीत आम्ही मुली दोनच. दुसरीनं पुढं बालवाडी काढली, मी कथलाचे डाग देत बसले. आधी रेडिओ, मग टेप, मग टीव्ही, मग व्हिडिओ गेम आणि आता मोबाइल. पण कुणी विचारलंच की बाई, सगळ्यात मजा कशात आली, तर मी डोळे मिटून सांगीन, व्हिडिओ गेम. कारण टीव्ही बिघडला की माणूस चिडून येतो, मोबाइल बिघडला की घाबरून येतो, आणि गेम बिघडला की तो लाजत येतो. मोठी माणसं पिशवीतून असा काढायची, जणू चोरीचा माल.

धावड्याचा एक शेतकरी सकाळच्या गाडीनं आला होता. काउंटरवर रुमालाची गाठ सोडत म्हणाला, "बाई, हा माणूस उलटा पळून राह्यला. उजवीकडं दाबलं की डावीकडं, डावीकडं दाबलं की उजवीकडं. आमच्या घरात भांडणं लागली." उघडून बघितलं तर खेळायच्या रिमोटच्या आतलं रबर कुणीतरी धुऊन, वाळवून उलटं बसवलेलं. फिरवून दिलं. तो थोडा वेळ खेळून बघत बसला आणि पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाला, "आता मला सुलटं जमंना हो."

पण आज सांगायचं आहे ते धरणाच्या कॅसेटचं.

केबल टीव्ही नवीनच आलेला, त्या दिवसांतली गोष्ट. एक इंग्रजी पिक्चर हिंदीत बोलता होऊन जालन्यात आला आणि आठवडेच्या आठवडे हटला नाही. त्याचं खरं नाव कुणी घेत नव्हतं, सगळे म्हणायचे, धरणाचा पिक्चर. लाल बनियन घातलेला एक पहिलवान धरण फोडायला निघालेल्या डाकूंशी एकटा लढतो. शेवटी बाकीचे बाहेर पडेपर्यंत दरवाजाची कळ दाबून धरायला कुणीतरी मागं राहणं भाग असतं, कारण कळ सुटली की दार पडतं. तर धरणाचा म्हातारा चौकीदार मागं राहतो, आणि पाण्यात जातो. या ठिकाणी अख्खं टॉकीज रडायचं. मीही रडले. माझे वडील शाळामास्तर, ते कडक माणूस, तेही चष्मा पुसत होते.

पाठोपाठ त्या पिक्चरचा गेम आला. पडद्यावर पहिलवान म्हणजे नखाएवढा लाल ठिपका, डाकू काळे ठिपके. धरणाच्या भिंतीवरून उड्या मारायच्या, पिंपं चुकवायची, एकेक स्टेज पार करत खाली दरवाजापर्यंत पोचायचं. भाड्यानं द्यायला माझ्या दुकानात ती कॅसेट एकच आली होती, आणि कुणा पोराच्या हातून ती एका घरी गेली ती गेलीच.

ते घर कुणाचं, हे मला कळलं एका तक्रारीवरून. जुन्या जालन्यातल्या एक बाई आल्या. म्हणाल्या, "ताई, आमच्या टीव्हीत रोज दुपारी दोन ते चार एक लाल बनियनवाला पळतो. आम्ही लावलेला नाही तरी पळतो."

गेमचं चित्र तेव्हा वायरीतून चॅनेलसारखंच टीव्हीला जायचं. दोन घरांनी गच्चीवरचा एकच अँटेना वाटून घेतला असला की एका घरचा गेम दुसऱ्या घरच्या टीव्हीत शिरायचा. मी म्हटलं, "अँटेना वेगळा करून देते, बंद होईल."

"बंद नका करू!" बाई एकदम पुढं झाल्या. "आम्ही सगळे बघतो ना. सासूबाईसुद्धा दुपारी झोपत नाहीत आता. फक्त आवाज येत नाही, तेवढा आणून द्या."

मी गेले. भिंतीपलीकडच्या घरात शिलाई मशीनसमोर जुबेदाआपा बसल्या होत्या. ब्लाउज शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मशीनच्या फळीवर कापडाखाली रिमोट झाकलेला. माझ्याकडं बघून त्यांनी ओढणी सारखी केली आणि म्हणाल्या, "बोल शोभा, किसने बताया?" मी सांगितलं, की तुमचे शेजारी रोज बघतात. आपांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल, आणि मग त्या अशा हसत सुटल्या की मशीनवरची कात्री खाली पडली. "मतलब मैं कल तिसरी स्टेज में चार बार मरी, वो भी देखे सब?"

त्या दिवसापासून त्यांनी रिमोट झाकला नाही. आणि त्यांच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. सुई ओवणारे अंगठे होते ते. आठ स्टेज त्या गप्पा मारत पार करायच्या.

अडायचं ते नवव्याला. आठवी संपली की पडदा रंगीत चौकोनांनी भरायचा, भर्रर्र आवाज व्हायचा आणि खेळ गोठायचा. आपा कॅसेट घेऊन आल्या. मी खोडरबरनं घासली, स्पिरिटनं पुसली, काही फरक नाही. नकली कॅसेटमध्ये गेम अर्धवट कापलेले असायचे, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "आपा, गेमच इथपर्यंत आहे."

आपा मानायला तयार नाहीत. "ऐसा कैसा? बुढ्ढे का क्या हुआ फिर? पिक्चर में मेरे आँखों के सामने डूबा बेचारा. मेरे कू उसको निकालना है."

त्याच वेळी काउंटरवर शाळेचा टेप घेऊन एक गुरुजी उभे होते. पिंपळगाव रेणुकाईचे. पांढरा शर्ट, वरच्या खिशात दोन पेनं, गणित शिकवायचे. ते शांतपणे म्हणाले, "पुढं आहे. गेममधी म्हातारा वाचतो. मी सोता पाह्यलंय."

"कब?" आपा वळल्या.

"दुसऱ्याची कॅसेट होती. पाह्यलंय ना."

"कैसे वाचता? बताओ."

गुरुजींनी पेन सारखं केलं. "नावेत बसून जातो. हात हलवतो."

आपांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मास्तर, तुम झूठ बोलते."

झालं. हे भांडण तीस वर्षं चाललं. गुरुजी जालन्याला आले की दुकानात यायचे, आपा भेटल्या की विचारायच्या, "क्या मास्तर, नाव कौनसे रंग की थी?" गुरुजी म्हणायचे, निळी. पुढच्या खेपेला म्हणायचे, पिवळी. आपा बोटावर मोजून ठेवायच्या. गुरुजी निवृत्त झाले, आपांना नाती झाल्या, टॉकीज पडून तिथं गाळे निघाले, माझ्या दुकानात मोबाइल शिरला. पण नावेचा रंग काही ठरला नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर आपा आल्या. मोबाइल बिघडला म्हणून नव्हे. त्यांनी पिशवीतून धरणाची कॅसेट काढून काउंटरवर ठेवली.

"तेरी अमानत," म्हणाल्या. "अंगूठा अटक जाता अब. सुई नहीं पकडी जाती. डॉक्टर बोला आपरेशन करो, फिर कैसा रहेगा अल्ला जाने."

त्यांनी अंगठा वाकवून दाखवला. तो वाकला आणि तसाच राहिला. दुसऱ्या हातानं त्यांनी तो सरळ केला तेव्हा टक् असा आवाज आला.

त्या गेल्यावर मी कॅसेट हातात घेऊन बसले. मोबाइलच्या कामासाठी आता माझ्याकडं सूक्ष्मदर्शक आहे, केस दोरखंडाएवढा दिसतो त्यात. कॅसेटचे स्क्रू काढले आणि सहज आतली सर्किटची पाटी त्याखाली धरली.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कॅसेटच्या आत पुस्तकासारखी पानं असतात असं समजा. कुठलं पान उघडायचं हे सांगायला बारीक बारीक तांब्याच्या वाटा असतात. शेवटची पानं उघडणाऱ्या वाटेवर एक चीर होती. साध्या डोळ्यांना दिसणार नाही अशी, केसाहून पातळ. गेम कापलेला नव्हता. पानं सगळी आत होती. तीस वर्षं.

मी उठून माठातलं पाणी प्यायले. तीस वर्षं मी त्या बाईला सांगत होते, गेमच इथपर्यंत आहे. एकदाही नीट भिंग लावून बघितलं नव्हतं. दुरुस्ती करणाऱ्याला "हे असंच असतं" म्हणणं फार सोपं जातं. गिऱ्हाईक विश्वास ठेवतं ना. माझ्या धंद्यातली माझी सगळ्यात मोठी चूक ती, आणि दुरुस्त करायला लागला तांब्याचा एक बारीक तंतू आणि दोन डाग.

मी नवव्या स्टेजपर्यंत खेळून बघितलं नाही. मला तिसरीच पार होत नाही. आपांना फोन केला. पलीकडून एकच वाक्य आलं, "मास्तर कू बुलाव."

मास्तरांना बोलावणं सोपं नव्हतं. पहिल्या रविवारी म्हणाले, गुडघा दुखून राह्यला. दुसऱ्या रविवारी म्हणाले, घरी पाहुणे आल्ते. तिसऱ्या रविवारी आपांनीच माझ्या हातातून फोन घेतला. "मास्तर, मेरा आपरेशन है अगले जुम्मे कू. आते क्या गाडी भेजूँ?" गुरुजी आले. पुतण्याच्या मोटरसायकलवर मागं बसून, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं.

दुपारची वेळ. मी जुना डबा टीव्ही काढून ठेवला होता. या गेममध्ये खेळ जपून ठेवायची सोय नसते, लाइट गेली की पहिल्यापासून. म्हणून गेमला मी स्कूटरच्या बॅटरीवर जोडलं आणि टीव्ही इन्व्हर्टरवर. बातमी कुणी फोडली माहीत नाही. दुकानासमोर रिक्षाथांब्यावरची माणसं, शेजारच्या बियाणांच्या ऑफिसातले दोघं कारकून, आणि जुन्या जालन्याहून ती शेजारीणसुद्धा आली. म्हणाली, "आज आवाजासकट बघते."

आपांनी बिस्मिल्ला म्हणून सुरुवात केली. पहिल्या दोन स्टेजला हात अडखळला. तिसरीत लय सापडली. पाचवीला रिक्षावाले टाळ्या वाजवायला लागले. गुरुजी स्टुलावर पाठ ताठ करून बसलेले. सातवीला लाइट गेली आणि इन्व्हर्टर चालू होईपर्यंत टीव्ही काळा पडला. सगळे एकदम ओरडले. मी तर डोळेच मिटले. जुना टीव्ही, चित्र यायला वेळ लागला. आलं तेव्हा लाल बनियनवाला पिंपाच्या दोन बोटं अलीकडं, पाय उचललेला, गप्प उभा.

"पॉज दबाई ना मैंने," आपा म्हणाल्या. "चिल्लाते कायकू?"

आठवी संपली. पडदा काळा झाला. चौकोन आले नाहीत. भर्रर्र झालं नाही. निळं पाणी आलं, लोखंडी शिडी आली, आणि अगदी तळाशी, कळ दाबून बसलेला, चार पांढऱ्या ठिपक्यांची दाढी असलेला म्हातारा आला. दुकानात असा गलका झाला की समोरचा पोळपाट-लाटणंवालाही धावत आला.

पाणी चढत होतं. खोलीला दोन दारं होती. आपा पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "मास्तर, तुम देखे ना? बोलो जल्दी. दाएँ कि बाएँ?"

गुरुजींचा हात खिशातल्या पेनांकडं गेला.

"मास्तर!"

आपांनी उजवं दार धरलं, पाणी आलं, लाल ठिपका बुडाला. आता एकच जीव उरला. आपांनी पॉज दाबला आणि पहिल्यांदाच मागं वळल्या.

गुरुजींनी खिशातली दोन्ही पेनं काढून हातात धरली होती. "मला माहीत न्हाई," ते म्हणाले. "मी कधी पाह्यलंच न्हाई. मी तर हे यंत्र कधी हातातबी धरलं न्हाई."

रिक्षावाले पुढं सरकले.

"माझ्या सहावीत एक पोरगी होती, नंदा. तिचा आजा आमच्या इकडच्या धरणावर चौकीदार. गावात व्हिडिओवर हा पिक्चर दाखवला आणि दुसऱ्या दिवसापासून ती आज्याला कामावर जाऊ देईना. पायाला मिठी मारून बसायची. शाळेत येईना, जेवंना. मी तिच्या घरी गेल्तो. समजावून पाह्यलं, पिक्चर खोटा असतो म्हणलं, तर ती म्हणे, पण मी रडले ते तर खरं होतं. मंग माझ्या तोंडातून निघून गेलं, पिक्चरमधी मरतो, पण गेममधी वाचतो, मी सोता पाह्यलंय. तिनं आज्याचे पाय सोडले. मंग मी कुठं कुठं ते परत घेणार?"

आपा त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या. "या अल्ला! तीस साल! और मैं नाव का रंग पूछते बैठी!" त्यांनी डोळे पुसले आणि परत पडद्याकडं वळल्या. "चलो मास्तर. देखे नहीं तो नहीं. सोचो अब. गणितवाले हो ना तुम?"

गुरुजींनी स्टूल पुढं ओढलं. टीव्हीला नाक लागेल इतके जवळ गेले. "दार शोधू नका," ते हळूच म्हणाले. "दारातून तो कसा जाईल? त्यानं कळ सोडली की दार पडतं. कुणीतरी धरलीच पाह्यजे. आपा, तुम्ही धरा. तो सुटंल."

"और मेरा बनियनवाला?"

"ते न्हाई सांगता येणार."

आपांनी पॉज सोडला. लाल ठिपका पाण्यात उतरला, म्हाताऱ्याच्या शेजारी गेला, आणि आपांनी बटण दाबून धरलं. एक, दोन, तीन. म्हातारा हलला! शिडीच्या पहिल्या पायरीवर चढला. आपांनी जरा सैल केलं तर तो थांबला. परत दाबलं, परत चढला. फार हळू चढायचा हो तो! पाणी पहिलवानाच्या कमरेला आलं, छातीला आलं. आपांचा अंगठा सुटायला लागला. त्यांनी दुसरा अंगठा त्याच्यावर ठेवला. ओठ दाताखाली. "आपा, सोडा, दुखतंय," मी म्हटलं. "चुप," त्या म्हणाल्या. रिक्षावाले पायऱ्या मोजत होते. नऊ, दहा, अकरा. पाणी गळ्याशी.

म्हातारा वर पोचला. लाल बनियन पाण्याखाली गेलं.

आणि वरून एक दोर खाली आला. ठिपक्या-ठिपक्यांचा, पिवळा. म्हाताऱ्यानं सोडलेला.

पुढं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. शेजारीण माझ्या गळ्यात पडली होती. बियाणांच्या ऑफिसातला कारकून काउंटरवर चढला होता. रिक्षावाल्यांनी एकदम हॉर्न वाजवले, रस्त्यावरच्या लोकांना वाटलं मिरवणूक आली. पडद्यावर धरणाच्या भिंतीवर दोघं शेजारी उभे होते, म्हातारा टुणटुण उड्या मारत होता, आणि वर इंग्रजीत अभिनंदन लिहिलेलं होतं. गुरुजींनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "स्पेलिंग चुकलंय." आपांचा अंगठा बटणावरच अडकला होता. तो मी सोडवून दिला.

गलबला जरा ओसरल्यावर गुरुजींनी मोबाइल काढला. नंदा आता छत्रपती संभाजीनगरला नर्स आहे, तिला स्वतःच्या दोन मुली आहेत. त्यांनी फोन लावून मोठ्या आवाजावर ठेवला, कारण त्यांना कमी ऐकू येतं.

"नंदा, मी गुरुजी बोलून राह्यलो. अगं, वाचला बरं का तो म्हातारा. धरणाचा. गेममधी. आत्ता माझ्या डोळ्यांनी पाह्यला."

पलीकडं ती हसली. "आत्ता? गुरुजी, तुम्ही तर तेव्हाच पाह्यला होता ना?"

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मी आपांकडं.

आपांनी हात लांब करून त्यांच्या हातातून फोन घेतला. "बेटी, मैं जुबेदा, जालने से. मास्तर तबीच देखे थे. मैं गवाह हूँ."